खोटं बोलतो, पण रोज सारखंच: स्टेप्स मोजणाऱ्या बँडसोबत आठ महिने

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाहीये. एक तर फुकट जाहिरात कशाला, आणि दुसरं म्हणजे या प्रकारातले साधे बँड आतून बरेचसे सारखेच असतात. तेच तीन दिशांची हालचाल पकडणारं छोटंसं सेन्सर, तोच मनगटाखाली चमकणारा हिरवा लाईट, आणि तेच अ‍ॅप जे पहिल्याच दिवशी तुमच्याकडे वीस परवानग्या मागतं. त्यामुळे हा रिव्ह्यू माझ्या बँडचा असला तरी तुमच्या डोक्यात जो आहे त्यालाही बऱ्यापैकी लागू पडेल.

घेतला का? रिपोर्टमध्ये साखर बॉर्डरवर आली म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, चालता का रोज? मी म्हटलं, हो, बऱ्यापैकी. ते म्हणाले, बऱ्यापैकी म्हणजे किती? आणि मला काही सांगता येईना हो. अर्धा तास म्हणावं तर तो कधी चालतो तेच आठवेना. दिवसभर खुर्चीत बसून काम, मधे पाणी प्यायला उठलं की तेवढंच, पण मनात मात्र पक्कं बसलेलं की आपण काही अगदी बसून नसतो. तर ते "बऱ्यापैकी" नक्की किती आहे हे कळावं म्हणून बँड घेतला.

पहिला आठवडा मी मुद्दाम काहीच बदललं नाही, नेहमीसारखाच वागलो, आणि बँड घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. रोजची सरासरी निघाली २,८०० पावलं. सुट्टीच्या दिवशी १,९००. म्हणजे माझा आराम करण्याचा उत्साह कामाच्या दिवसापेक्षाही जबरदस्त होता. आकडा बघून थोडी लाज वाटली पण खरं सांगायचं तर पूर्ण आठ महिन्यांत या वस्तूने मला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच, तो २,८०० चा आकडा. बाकी सगळं त्यानंतरचं.

आता अ‍ॅपचा पहिला आगाऊपणा. सुरू केल्या केल्या त्याने टार्गेट लावलं १०,०००. मी विचारलं नव्हतं, त्याने वय-बिय काही बघितलं नाही, सरळ दहा हजार. हा आकडा कुठून आला माहितीये का? १९६४ ला टोकियोत ऑलिंपिक झालं, त्यानंतर व्यायामाची हवा होती, आणि १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं, नाव ठेवलं 'मान्पो-केई', म्हणजे शब्दशः दहा-हजार-पावलं-मीटर. गोल आकडा, लक्षात राहणारा, खपणारा. नंतर जगभर तोच पसरला आणि आज माझ्या मनगटावर येऊन बसला. दहा हजार वाईट नाहीत, चालणाऱ्याने खुशाल चालावं, पण २,८०० वाल्या माणसाला पहिल्या दिवशी दहा हजार दाखवणं म्हणजे पोहायला न येणाऱ्याला थेट खोल पाण्यात ढकलणं. मी सेटिंगमध्ये जाऊन ४,००० केलं. हे सेटिंग चार मेनूंच्या आत लपवून ठेवलंय, त्याबद्दल अर्धा स्टार आत्ताच कापला.

आणि चार हजार म्हणजे काही कच्चं लिंबू टार्गेट नाही बरं का. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १६,७४१ वयस्कर महिलांवरचा एक अभ्यास आला होता, सरासरी वय ७२. त्यात दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० च्या आसपास चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं, आणि फायदा वाढत वाढत ७,५०० च्या जवळ जाऊन सपाट झाला. तिथून पुढे आणखी पावलांनी फार फरक पडला नाही. आता कोणी म्हणेल की ज्याची तब्येत मुळात बरी तोच जास्त चालणार, आणि ते बरोबरच आहे, अशा अभ्यासातून "चालल्यामुळेच" असं शंभर टक्के सिद्ध होत नाही. पण मला त्यातून जे घ्यायचं ते मी घेतलं: खालच्या टोकाला असलेल्या माणसाला थोड्याच पावलांत सगळ्यात जास्त मिळतं. माझ्यासारख्या आळशाला याहून चांगली बातमी काय असणार. नंतर वेगवेगळ्या अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली त्यातही साठीच्या पुढच्यांसाठी ६,००० ते ८,००० आणि त्याखालच्यांसाठी ८,००० ते १०,००० च्या आसपास फायदा सपाट होताना दिसला, म्हणजे जपानी कंपनीचा नेम अंदाजाने का होईना अगदीच चुकला नव्हता म्हणायचं.

बरं, आता मुख्य प्रश्न, हा बँड मोजतो का नीट?

मी टेस्ट केली. तोंडाने मोजत ५०० पावलं चाललो (लोक बघत होते, बघू देत). बँडने दाखवली ४८८. परत चाललो, ५०९. ठीक आहे, चालेल. मग खरी गंमत सुरू झाली. सामानाची ट्रॉली ढकलत चाललो तर निम्मी पावलंही मोजली नाहीत, कारण हात हलतच नाही, आणि हा बिचारा मनगटावर बसलाय, त्याला पाय कुठे दिसतायत. बाळाची गाडी ढकलणाऱ्यांचं हेच होणार. उलट भांडी घासली की दीड-दोनशे पावलं जमा. टेबलावर तबला वाजवला की जमा. एका कार्यक्रमात टाळ्या वाजवल्या तर सत्तर-ऐंशी पावलं बसल्या जागी चाललो असं याचं म्हणणं. हळू, पाय घासत चालणाऱ्याची पावलं तो खातो, कारण हिसका पुरेसा बसत नाही.

पण आठ महिन्यांनी माझं मत असं झालंय की याचं खोटं बोलणं मला चालतं, कारण तो रोज एकाच पद्धतीने खोटं बोलतो. माझी भांडी रोज तेवढीच असतात. म्हणजे कालचा माझा आकडा आणि आजचा माझा आकडा यांची तुलना बरोबर येते, आणि मला तेवढंच हवंय. माझा आकडा आणि मित्राचा आकडा यांची तुलना मात्र करू नका, वेगळा बँड, वेगळा हात, वेगळी चाल, त्यातून फक्त भांडणं होतात. आमच्या ग्रुपमध्ये झाली. एकजण बँड हातात धरून गदागदा हलवताना पकडला गेला.

अंतर तर त्याहून गमतीशीर. बँडमध्ये जीपीएस नाही, तर तो उंचीवरून तुमच्या पावलाची लांबी ठरवतो आणि गुणाकार करतो, बस. माझी चाल छोट्या पावलांची. चारशे मीटरच्या ट्रॅकवर आतल्या लेनने दहा फेऱ्या मारल्या, म्हणजे चार किलोमीटर, आणि हा म्हणतो ४.६. मी इतका सुखावलो होतो की दुरुस्त करायचं जिवावर आलं होतं. शेवटी पावलाची लांबी हाताने टाकली, आता बरं दाखवतो.

कॅलरी. हा भाग बंद करा, खरंच सांगतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी मनगटावरची सात उपकरणं तपासली, त्यात हृदयाचे ठोके सातातल्या सहांनी पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले, म्हणजे चांगलंच, पण कॅलरीत त्यातलं सगळ्यात बरं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. तेव्हापासून उपकरणं सुधारली असतील, तरी "आज एवढ्या जाळल्या म्हणजे एवढं जास्त जेवायला हरकत नाही" हा हिशोब मी पहिले दोन महिने केला आणि वजन अर्धा किलो वाढवून घेतलं. त्यात बँडचा दोष अर्धा, माझा अर्धा.

आता जे फीचर मला सगळ्यात फालतू वाटलं होतं आणि आता सगळ्यात आवडतं ते: दर तासाला व्हायब्रेट होणं. तासभर हललं नाही की मनगटाला गुदगुल्या करतो. पहिले दहा दिवस मी त्याला शिव्या दिल्या, मीटिंगमध्ये बंद केला, मग कधीतरी कंटाळून उठायला लागलो. उठायचं, जिन्यापर्यंत जायचं, परत यायचं, दोन-अडीच मिनिटं. संध्याकाळी पाय जड वाटायचे ते कमी झालं हे मला तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं. याचं कारण साधं आहे, पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू पंपासारखं काम करतात, पोटरी आवळली की शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं, आणि आपण तासन् तास बसलो की पंप बंद. दुसरं साखरेचं. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातली साखर आत ओढून घेतात, आणि त्या कामाला इन्शुलिनची वाट बघत बसत नाहीत, त्यांचा वेगळा दरवाजा उघडतो. ज्याचं इन्शुलिन नीट काम करत नाही अशा माणसासाठी हे किती मोठं आहे बघा.

यावरून जेवणानंतरचं चालणं. न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या ४१ जणांवर प्रयोग झाला होता, २०१६ ला छापून आला. एका टप्प्यात दिवसातून कधीही सलग ३० मिनिटं चालायचं, दुसऱ्यात प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं. मिनिटं तेवढीच, पण जेवणानंतर चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्के. आपल्याकडे शब्द तयारच आहे, शतपावली, फक्त हिशोबात जरा मार खातो. शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट! दहा मिनिटं चालायचं तर हजार पावलं होतात, म्हणून मी त्याला आता सहस्रपावली म्हणतो. घरात कोणी हसत नाही या विनोदावर, पण मी रोज करतो. बँडचा यात उपयोग एवढाच की रात्री आकडा ३,४०० वर अडकला असेल तर उठायला निमित्त मिळतं.

वेगाचं थोडं सांगतो कारण यात बँड तुम्हाला फसवू शकतो. रेंगाळत चाललेली पावलं आणि झपाझप चाललेली पावलं हा एकाच डब्यात टाकतो. मिनिटाला साधारण १०० पावलं म्हणजे मध्यम जोराचं चालणं असं धरतात, पंधरा सेकंदात पंचवीस, घड्याळ लावून एकदा बघा. किंवा जुनी सोपी युक्ती: चालता चालता गप्पा मारता आल्या पाहिजेत पण गाणं म्हणता येता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेचा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा सल्ला आहे तो या अशा मध्यम जोराच्या हालचालीचा आहे, पावलांचा नाही. आणि इथे माझी मोठी तक्रार. पूर्वी सल्ला असा होता की सलग दहा मिनिटं तरी केलं तरच धरायचं. २०२० च्या नव्या सूचनांमध्ये ही अट राहिली नाही, दोन मिनिटं, चार मिनिटं, जे होईल ते मोजा म्हणाले. पण माझ्या अ‍ॅपला हे कोणी सांगितलंच नाही! ते अजूनही सलग दहा मिनिटं झाल्याशिवाय 'सक्रिय मिनिटं' देत नाही, म्हणजे नऊ मिनिटं धापा टाकत चालून सिग्नलला थांबलो की शून्य. कस्टमर केअरला मेल केला, उत्तर आलं की कृपया बँड रीस्टार्ट करा.

जिन्यांचं पण तेच. माझ्या मॉडेलला मजले कळत नाहीत. चौथ्या मजल्यावर लिफ्टने गेलो काय आणि चढून गेलो काय, त्याच्या लेखी किरकोळ फरक, शे-सव्वाशे पावलं. खरंतर जिने म्हणजे मोठी गोष्ट. १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसवरच्या लोकांचा जेरेमी मॉरिस यांचा अभ्यास आला होता, ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर वरखाली करणारा, बस तीच, पण हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी. कोणाच्याही हातात बँड नव्हता, कोणी टार्गेट दिलं नव्हतं, कामच तसं होतं. मला हे वाचल्यावर वाटलं की आपण आधी सगळी हालचाल आयुष्यातून काढून टाकली आणि आता ती परत आणायला मनगटावर मशीन बांधून फिरतोय. असो. मी जिने चढतो, बँड मान देत नाही, आमचं चाललंय.

बॅटरी: खोक्यावर चौदा दिवस, प्रत्यक्षात ठोके सतत मोजत ठेवले तर आठ-नऊ. पट्टा: घामाने खाली लाल चट्टा आला होता, रात्री काढून धुवायला लागल्यापासून गेला. आता आठव्या महिन्यात पट्ट्याची क्लिप तुटली आणि वॉरंटीत पट्टा येत नाही असं उत्तर मिळालं, मग येतं तरी काय वॉरंटीत. झोपेचे आकडे मी बघतच नाही, कारण एकदा मी जागा राहून पुस्तक वाचत होतो तेव्हा याने गाढ झोप दाखवली होती.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायचीये. यात 'सलग दिवस' नावाचा प्रकार आहे, टार्गेट पूर्ण केलेल्या दिवसांची साखळी, एक दिवस चुकला की परत एकपासून. माझी ६३ दिवसांची साखळी होती आणि चौसष्टाव्या दिवशी ताप आला. मी अंगात ताप असताना रात्री पावणेबारा वाजता पलंगाभोवती फेऱ्या मारल्या. बायको उठून बघतेय, म्हणतेय अहो काय चाललंय, आणि मी म्हणतोय सातशे राहिलीत फक्त. दुसऱ्या दिवशी ताप वाढला, साखळी तुटली ती तुटलीच. तेव्हापासून मी रोजचा आकडा सोडून आठवड्याची सरासरी बघतो. ताप, पाहुणे, पाऊस सगळं त्यात मावतं.

मग फायदा झाला का? आठवड्याची सरासरी आता ६,७०० च्या आसपास असते. टार्गेट दर तीन आठवड्यांनी पाचशेने वाढवत नेलं, एकदम नाही. अशा यंत्रांवरच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा २००७ मध्ये निघाला होता, त्यातही हेच की नुसतं यंत्र लावून फारसं होत नाही, स्वतःसाठी ठरवलेला आकडा असला तर माणसं जास्त चालतात. तीन महिन्यांच्या सरासरीची साखर (रिपोर्टमधलं HbA1c) ६.१ टक्क्यांवरून ५.८ वर आली. पण मी त्याच काळात रात्रीचं जेवण लवकर करायला लागलो आणि गोड कमी केलं, त्यामुळे सगळं श्रेय बँडला देणार नाही, आणि तुमचंही एवढंच उतरेल असं बिलकुल म्हणत नाही. वजन आठ महिन्यांत दीड किलोच उतरलं, म्हणजे ज्यांना चालून झटकन बारीक व्हायचंय त्यांनी आशा जरा आवरा. आणि स्नायूंच्या व्यायामाकडे हा पूर्ण आंधळा आहे. आठवड्यातून दोन दिवस तेही करायला सांगतात, मी भिंतीला टेकून जोर आणि उठाबशा करतो, बँडच्या मते त्या वेळात मी आराम करत असतो.

घ्यावा का? फोन दिवसभर खिशात असतो त्यांनी नका घेऊ, फोनमध्ये पावलं मोजायची सोय बहुतेक आहेच, आधी ती आठवडाभर बघा. फोन टेबलावर ठेवून घरात फिरणाऱ्यांना उपयोग आहे. ज्यांना आकड्यांची चटकन काळजी लागते त्यांनी लांब राहा. मला विचाराल तर पाचपैकी साडेतीन.

जाता जाता. पट्टा तुटला तेव्हा नवीन येईपर्यंत बँड आईने कसाबसा मनगटाला बांधून घेतला, वय ७४, म्हणे बघू तरी काय आहे. संध्याकाळी आकडा आला १,१००. ती म्हणाली, हे यंत्र वेडं आहे, मी दिवसभर बसलेच नाहीये. आणि खरंच बसली नव्हती, पण ती घरात भिंतीचा, खुर्चीचा आधार घेत सावकाश चालते, हात हलत नाही. मग दुसऱ्या दिवशी आम्ही बँड तिच्या पायमोज्यात घोट्यापाशी खोचला. संध्याकाळी ४,३००. माझ्या पहिल्या आठवड्यापेक्षा दीड हजार जास्त, घराबाहेर पाऊलही न टाकता. नवीन पट्टा येऊन पडलाय, पण बँड अजून मोज्यातच आहे.